हरणांचे शेत

मराठीत 'निंदणे' हे क्रियापद दोन ठिकाणी राबते. माणूस माणसाला निंदतो आणि शेतकरी शेत निंदतो. वर्गात हे सांगितले म्हणजे मुले हसतात आणि मागच्या बाकावरचा एखादा हटकून विचारतो, "मॅडम, यांतले आधीचे कोणते?" त्याचे उत्तर कोशात पाहून देता येईल, पण दोन्ही कामांची रीत एकच आहे, एवढे कोश न उघडताही सांगता येते. आधी कोणीतरी ठरवतो, की हे आपले आणि हे परके; मग परक्याला मुळासकट उपटायचे. आमच्या गावात ठरवणारा शेताचा मालक असे आणि उपटणाऱ्या बाया असत. त्या बायांत माझी आई होती.

चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाच्या अगदी कडेला आमचे गाव. घरची चार एकर जमीन होती. पण तेवढ्यावर सहा माणसांचे भागत नसे, म्हणून आई दुसऱ्यांच्या शेतांत निंदणाला जाई. संध्याकाळी परतताना तिच्या ओटीत काही ना काही असायचेच. पावसाळ्यात तांदुळजा, चिवळ, कोवळा तरोटा. थंडीत गव्हा-हरभऱ्याच्या तासांतून उपटलेला चाकवत. मजुरी मालक देई आणि भाजी शेत देई. 'तण खाई धन' ही म्हण मी गेली अठरा वर्षे मुलांना समजावून सांगते आहे. आमच्या घरी मात्र तण आम्हीच खात होतो, आणि माझ्या बी. ए.च्या फीचा बराचसा भाग त्याच तणाच्या मजुरीतून भरला गेला. तेव्हा तणांविषयी माझे मत निःपक्षपाती असेल अशी अपेक्षा वाचकांनी करू नये.

हे सारे मला आठवायचे कारण मोठे विचित्र आहे. २०२३ च्या मे महिन्यात, कॉलेजला सुटी लागल्यावर, मी माझ्या मावसभावाकडे अमेरिकेत गेले. तो मिसुरी राज्याच्या उत्तर भागात, शहरापासून बराच दूर राहतो. अमेरिका म्हणजे उंच इमारती, असे चित्र डोक्यात घेऊन गेलेली मी एकदम मक्याच्या आणि सोयाबीनच्या मुलखात जाऊन पडले. दोन दिवसांनी वाटू लागले, की विमानाने मला फिरवून फिरवून पुन्हा विदर्भातच आणून सोडले आहे. फक्त झाडाखाली बसलेली माणसे तेवढी कुठे दिसत नाहीत.

भावाच्या शेजारी एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ राहतात. आयुष्यभर ट्रक चालवला, आता पेन्शनवर आहेत. घरामागे थोडे रान आणि रानाच्या मधोमध एक एकराची मोकळी पट्टी. आपल्या भाषेत चाळीस गुंठे. त्या पट्टीत ते मका आणि सोयाबीन एकत्र पेरणार होते. "पिकवून विकता कुठे?" असे मी विचारले, तर भाऊ हसायला लागला. म्हणाला, "ताई, हे विकायचे नाही. हे हरणांसाठी आहे."

हरणांसाठी शेत! मी भावाला तीनदा विचारून खात्री करून घेतली. तिकडे ही मोठी रूढ गोष्ट आहे. रानातल्या जनावरांना खायला मिळावे म्हणून मोकळ्या जागी मका, सोयाबीन, क्लोव्हर नावाचा घास, सलगम असे काहीबाही पेरतात. हरणे त्यामुळे आपल्या रानात टिकून राहतात, शिंगे जोमदार होतात, पाडसे धष्टपुष्ट होतात. आणि मग नोव्हेंबरात बंदुकीचा हंगाम सुरू झाला, की त्यांतले एखादे मारतात. शेजारचे आजोबाही दरवर्षी एक मारतात आणि त्याचे मांस हिवाळाभर पुरवून खातात.

मी थोडी नाराजीनेच म्हटले, "म्हणजे मारण्यासाठी खाऊ घालायचे?"

आजोबांनी रागावल्याचे दाखवले नाही. म्हणाले, "मी एक खातो. उरलेली सगळी मिळून मला खातात."

तिथला कायदा मात्र मोठा मजेदार आहे. मक्याचे दाणे पोत्याने आणून रानात ओतले आणि त्यावर आलेले हरीण मारले, तर मिसुरीत तो गुन्हा. तोच मका तिथे पेरला, उगवू दिला आणि त्यावर आलेले हरीण मारले, तर ती शेती. आमच्या कॉलेजच्या नियमावलीतही असली काही कलमे आहेत, त्यामुळे मला ते चटकन समजले. एक गोष्ट आजोबांच्या बाजूने सांगायला हवी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिसुरीतली हरणे शिकारीपायी जवळजवळ संपली होती. राज्यभर मिळून काही शेच उरली होती. आज ती दहा लाखांहून अधिक आहेत, आणि त्यांना खाणारे लांडगे आता तिथे राहिलेले नाहीत.

हे सगळे मी उत्साहाने आमच्या दादाला फोनवर सांगितले. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. चार एकर तोच पाहतो. तुरीच्या दिवसांत तो महिना-महिना रात्री घरी झोपत नाही. माळ्यावर बसून जागल करतो, डबे वाजवतो, बॅटरी फिरवतो. तरी पहाटे डोळा लागला की रोह्यांचा कळप येऊन शेत मोडून जातो, आणि रोही आले नाहीत तर रानडुकरे येतात. माझे बोलणे त्याने निमूटपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "हरणासाठी पेरतेत? मंग आमचे रोही घेऊन जा म्हणा त्यायले. भाडं मी देतो."

त्याने फोन केला होता वेगळ्याच कामासाठी. सोयाबीनच्या पेरणीचे दिवस जवळ आले होते आणि पेरल्याबरोबर मारायचे तणनाशक यंदा घ्यावे की काय, या विचारात तो होता. कृषी केंद्रवाल्याने एक नाव सांगितले होते. ते नाव दादाने अडखळत उच्चारले आणि मी थक्क झाले. कारण त्याच दिवशी सकाळी तेच नाव मी आजोबांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाचले होते. पेंडिमेथॅलिन.

आजोबाही त्याच चिंतेत होते. पेन्शन तुटपुंजी, एकराची पट्टी, आणि तणांचा जोर एवढा की मागच्या साली मका शोधावा लागला होता. तिकडे निंदणाला बाया नाहीत. मुळात बायाही नाहीत आणि गडीही नाहीत; दहा मैलांत खुरपे धरणारे माणूस सापडायचे नाही. तेव्हा औषध घ्यायचेच, प्रश्न एवढाच की स्वस्तातले कोणते. टेबलावर त्यांनी चार-पाच औषधांची माहितीपत्रके पसरली होती आणि चष्मा कपाळावर ढकलून ती वाचत होते. मला फावला वेळ भरपूर होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुराचा अर्थ लावण्याचेच काम केलेले. मी मांडी ठोकून बसले.

ही औषधे उगवणपूर्व म्हणजे तण उगवण्याआधी द्यायची असतात. उगवून उभ्या राहिलेल्या तणाला ती फारसे काही करीत नाहीत. म्हणून आधी नांगरून रान स्वच्छ करायचे, पीक पेरायचे आणि मग मातीवर फवारायचे. वरच्या इंच-दीड इंचात औषधाचा एक थर बसतो. तणांचे बी बहुधा बारीक. ते त्या थरातच रुजते आणि कोंब उजेडाला येण्याआधी खलास होतो. मक्याचा दाणा मोठा, खोल पेरलेला, अंगात ताकद असलेला. तो त्या थरातून डोके वर काढतो. थोडक्यात, शिदोरी मोठी असलेल्याचे निभावते. पण थर बसायला पाऊस हवा. फवारल्यापासून आठ-दहा दिवसांत अर्धा-पाऊण इंच पडला पाहिजे. नाही तर औषध मातीवर वाळत पडते आणि तण खालून मजेत वर येते. हे वाचल्यावर मला आजोबांविषयी एकदम आपलेपणा वाटू लागला. आभाळाकडे बघणारा माणूस कुठलाही असो, मान वर करायची तऱ्हा एकच.

आता स्वस्ताईचे म्हणाल तर सगळ्यांत स्वस्त अॅट्राझीन. १९५८ च्या सुमारास निघालेले, मक्याला न सोसण्याचा प्रश्नच नाही, आपल्याकडेही मक्याला आणि उसाला वापरतात. पण ते जमिनीतून पाण्यात उतरते. विहिरींत, ओढ्यांत सापडते. युरोपीय संघाने ते त्याच कारणाने बंद केले. अमेरिकेत बंद नाही, परंतु परवाना काढल्याखेरीज विकत मिळत नाही. शिवाय ते सोयाबीन मारते आणि जमिनीत रेंगाळून राहते; त्यावर शरदात क्लोव्हर पेरला की तोही गेला. आजोबांना मका आणि सोयाबीन एकत्र हवे होते, परवाना नव्हता. स्वस्त असूनही ते पत्रक बाजूला पडले.

दुसरे ट्रायफ्लुरालिन. तेही जुने आणि स्वस्त. पण ते उन्हात उडून जाते, म्हणून फवारल्यावर चोवीस तासांच्या आत मातीत मिसळावे लागते, आणि मक्याला ते चालत नाही. तिसरे इमॅझेथापायर, जे आमच्याकडे सोयाबीनवाल्यांच्या तोंडी असते. त्याच्या पत्रकात पुढच्या पिकांचा तक्ता होता: हे पीक इतक्या महिन्यांनी पेरावे, ते तितक्या. काही पिकांपुढे चाळीस महिने लिहिले होते, आणि आजोबांच्या आवडीचा सलगम त्यांतच बसत होता. सलगम म्हणजे त्यांचा जीव की प्राण. थंडीचा कडाका पडला की त्याची पाने गोड होतात आणि हरणे तुटून पडतात म्हणे. "चाळीस महिने मी जगेन की नाही कोण जाणे," असे म्हणून त्यांनी तेही पत्रक उलटे ठेवले. उरली दोन: पेंडिमेथॅलिन आणि मेटोलाक्लोर.

इथे भावाने विद्यापीठाच्या शेतकी विस्तार विभागाचा एक तक्ता आणून दिला आणि माझी कळी खुलली. ती चक्क गुणपत्रिका होती! आडवी औषधांची नावे, उभी तणांची नावे, आणि प्रत्येक चौकोनात हे औषध या तणावर उत्तम, बरे की नापास. मी शिक्षकाच्या सवयीने नापासांवर बोट फिरवू लागले, आणि तणांची नावे भावाकडून समजावून घेता घेता माझे बोट थबकले. पहिले वॉटरहेम्प: हे माठाच्या, राजगिऱ्याच्या कुळातले. एका झाडाला लाख-लाख बिया, आणि कित्येक औषधांना आता दाद देत नाही. दुसरे फॉक्सटेल: आपल्या राळ्याचा भाऊबंद. तिसरी घोळ. आणि चौथा, भावाने फोनवर चित्र काढून दाखवले तेव्हा पटलाच, साक्षात चाकवत. भाऊबंद नव्हे, तोच. पानामागची ती पांढरी भुकटीसुद्धा तीच.

आईची ओटीच त्या तक्त्यात ओळीने मांडलेली होती, आणि प्रत्येकीपुढे तिला मारण्याचे मार्क होते.

पण त्या तक्त्यातच आजोबांचे उत्तर होते. पेंडिमेथॅलिन चाकवतावर उत्तम पास होते. मेटोलाक्लोर वॉटरहेम्पवर आणि फॉक्सटेलवर चांगले, पण चाकवतापुढे ते जवळजवळ नापास. मी म्हटले, तुमचा खरा शत्रू कोण? आजोबा म्हणाले, वॉटरहेम्प. त्याने माझा मका गिळला. चाकवताचे काय? त्यांनी खांदे उडवले. म्हणाले, तो तर हरणेही खातात. यात त्यांची अडाणी समजूत काही नव्हती. टेनेसी विद्यापीठाचे क्रेग हार्पर नावाचे वन्यजीवांचे प्राध्यापक आहेत. रानातल्या अशा शेतांवर त्यांनी पुष्कळ लिहिले आहे. आपण ज्यांना तण म्हणून मारतो त्यांतली कितीतरी झाडे हरणांचे उत्तम खाद्य असतात, तेव्हा फवारण्याआधी तण ओळखा, असे ते सांगत आले आहेत. हरणांसाठी शेत करायचे आणि हरणे जे खातात तेच औषध घालून मारायचे, हा प्रकार तिकडेही सर्रास चालतो. कारण साफ, सरळ तासांचे शेत हरणाला नव्हे, माणसाला आवडते.

मेटोलाक्लोर ठरले. ज्या कंपनीने ते प्रथम काढले तिच्या नावाचे महाग; तेच द्रव्य साध्या नावाने पुष्कळ स्वस्त. पण खरी अडचण पुढेच होती. औषधाचा लहानात लहान डबा अडीच गॅलनचा, म्हणजे सुमारे साडेनऊ लिटरचा. दहा-बारा एकरांना पुरेल एवढा. एकरी हिशेब मांडला तर स्वस्त, डबा उचलायला गेले तर महाग. कमी जमीनवाल्याला जगात सगळीकडे हाच भाव पडतो. आमच्या दादाला खताच्या पोत्यापासून ट्रॅक्टरच्या भाड्यापर्यंत हेच सोसावे लागते. आजोबांनी तीन शेजारी गाठले, डब्याची वर्गणी काढली आणि आपला वाटा मापून आणला. मग रस्त्यावर साधे पाणी फवारून पंपाचा वेग तपासला. हे झाल्यावर लांब बाह्यांचा सदरा, हातमोजे, डोळ्यांना चष्मा असा जामानिमा करून फवारले. पत्रकात तसे लिहिलेच होते. लेबलाबाहेर वापर केला तर तो तिकडे सरकारी गुन्हा होतो. अशा कित्येक पत्रकांत फवारलेल्या चाऱ्यावर गुरे सोडू नका अशीही ताकीद असते. ती हरणांना कोणी वाचून दाखवायची, हे मी विचारले. आजोबा पहिल्यांदाच मनमोकळे हसले.

नंतर पाऊस नाही. त्या वर्षी मिसुरीत मे-जून फार कोरडा गेला. रोज सकाळी आजोबा अंगणात येऊन पश्चिमेकडे बघत. आठव्या दिवशी रात्री एक सर आली आणि त्यांनी सकाळी सात वाजता भावाचे दार ठोठावून ती किती पडली ते सांगितले.

मधल्या काळात मी दादासाठी एक काम केले. आपल्याकडे औषधाच्या डब्यात घडी केलेला कागद असतो. त्यावर पाच-सात भाषा एवढ्या बारीक अक्षरांत छापतात, की मुंगीलाही चष्मा लागावा. दादाने तो कधीच उलगडला नव्हता. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले. ती औषधे किडींची होती, तणांची नव्हती. पण पंप तोच, उघडे अंगही तेच. मी पेंडिमेथॅलिनचे पत्रक मिळवून त्यातला हातमोजे, कपडे, वाऱ्याची दिशा, हात धुणे, रिकामा डबा यांविषयीचा भाग सोप्या मराठीत लिहिला आणि दादाला पाठवला. माझी एम. ए. प्रथमच घरच्या शेताच्या कामी आली. दादाने कळवले, "वाचलं. हातमोजे कोठी भेटते?"

औषध घेऊ नकोस, निंदणाला बायाच लाव, असे मी त्याला सांगितले नाही. मला सांगता आले असते. लांबून असे सांगणे सोपे असते. एका एकराला आठ-दहा बाया, आणि अडीचशे रुपये रोज. औषधाचा खर्च त्याच्या निम्म्याहूनही कमी. पाऊस लागून राहिला की शेतात पाय घालता येत नाही आणि आठवड्यात सोयाबीन तणाखाली जाते. बायाही आता मिळत नाहीत आणि ज्या मिळतात त्यांच्या मुली हे काम करणार नाहीत. मी तरी कुठे केले? चिखलात दिवसभर उकिडवे बसून आईचे गुडघे कायमचे गेले. त्या गुडघ्यांना विचारले तर मत तणनाशकालाच पडेल. पण तिच्या ओटीला विचारले तर? आमच्या गावच्या वयस्क बायांना, ज्यांना दुसरे काम कोणी देत नाही, विचारले तर? औषध एकरी किती स्वस्त पडते याचा हिशेब मांडताना त्या बायांचा रकाना कोणी पाडत नाही. आजोबांच्या तक्त्यात तो नव्हता, कारण त्यांच्या मुलखात त्या बायाच नाहीत. आमच्या मुलखात आहेत.

निघायच्या आदल्या दिवशी मी आजोबांच्या लाकडे ठेवायच्या छपरामागे, जिथे फवारा गेलेला नव्हता अशा जागी वाढलेला चाकवत खुडून आणला. ताकातली भाजी केली, वर लसणीची फोडणी घातली. भावाची मुले नाक मुरडत होती. आजोबांनी दोनदा मागून घेतली आणि हे काय आहे म्हणून विचारले. भावाने नाव सांगितल्यावर त्यांनी चमचा खाली ठेवला, वाटीत बघितले आणि पुन्हा उचलला.

दादाने त्या साली अर्धेच शेत फवारले. त्या वर्षी मृग कोरडा गेला आणि पाऊस जूनच्या अखेरीस आला. पेरणी एकदम सगळ्या गावाची झाली आणि फवारणीचा पंप त्याला दोनच दिवस मिळाला. उरलेल्या दोन एकरांत सात बाया निंदायला होत्या. तांदुळजा त्यांनी नेला की नाही, हे मी विचारले तेव्हा दादाला प्रश्नच कळला नाही, वहिनी मात्र म्हणाली, "मंग नेन नाही तं काय?"

ऑगस्टमध्ये भावाने फोटो पाठवला. झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्याने संध्याकाळी टिपलेला. कमरेएवढ्या सोयाबीनमध्ये एक हरिणी मान वर करून उभी, तोंडात पाला, मागे दोन पाडसे. फार सुंदर होता. मी तो दादाला दाखवला. त्याने फोन हातात घेतला, दोन बोटांनी चित्र मोठे केले, हरिणीला एका बाजूला सारले आणि तिच्या पायांखालची जमीन बराच वेळ निरखली.

"तासं तं साफ दिसतेत," तो म्हणाला. "दवा कोनता मारला म्हनते तो?"